कौनसा वाळा?

शैलाताई, वाळा संपलाय.

परवा अक्षय तृतीया. तुझ्या फाटकाशी, शिरीषाच्या झाडाखाली, दरवर्षीसारखा माठ ठेवायचाय आणि यंदा तो तुझ्याच नावाचा आहे. माठ आहे, तिवई आहे, माठाला गुंडाळायचं लाल कापड धुऊन दोरीवर टाकलंय. नाही तो फक्त वाळा. गेल्या वर्षीची जुडी डब्यातून काढून नाकाशी धरली, तर तिला मातीचासुद्धा वास उरलेला नाही. म्हणजे नवा आणायला हवा. आणि तुला चांगलं माहीत आहे की त्या पंसाऱ्याच्या, लालाजींच्या किराणा दुकानात मी तेवीस वर्षांत पाऊल टाकलेलं नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "अगं जाऊन ये ना! लालाजी काय तुला खाऊन टाकणार आहेत?" दर पाडव्याला हेच म्हणायचीस आणि मग स्वतःच जाऊन माझ्यासाठीही एक जुडी घेऊन यायचीस. माझा हट्ट तू मोडला नाहीस, उलट पोसलास. आता भोगते आहे.

तू गेलीस त्याला पावणेदोन महिने होतील. लोक विचारतात, "तुमच्या कोण लागायच्या?" मी म्हणते, शेजारीण. मग ते "अच्छा, अच्छा" म्हणतात आणि विषय बदलतात, कारण शेजारणीसाठी किती दुःख करायचं याचं माप सगळ्यांनी ठरवून ठेवलेलं असतं. मी त्या मापात बसत नाही. पण खरं सांगू का ताई, मला धड रडताही येत नाही. पदर डोळ्याला लावावा, तर तुझं काहीतरी आठवतं आणि हसूच फुटतं. तेराव्याला मी तोंडात पदराचा बोळा कोंबून बसले होते, लोकांना वाटलं हुंदका आवरतेय. मला त्या वेळी वाळा आठवत होता.

आम्ही नाशिकहून नुकते आलो होतो. यांची बदली इथल्या कारखान्यात झाली, क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून अयोध्या नगरात घर भाड्यानं घेतलं. आईनं निघताना बजावलं होतं, "भोपाळचा उन्हाळा कडक गं, माठात वाळा टाकत जा." आज्ञाधारक मुलगी पहिल्याच आठवड्यात दुकानात गेली आणि म्हणाली, "भैया, वाळा है?"

"कौन सा वाला?" लालाजी म्हणाले.

"वाळा."

"हाँ बहनजी, पर कौन सा वाला?"

मला वाटलं, इथे वाळ्याचे प्रकार मिळत असतील. म्हटलं, "अच्छा वाळा."

"अच्छा तो सभी है. कौन सा वाला चाहिए?"

"पानी में डालने वाला वाळा!"

त्यांनी तुरटीचा खडा काढून दिला. मी मान हलवली. मग जंतुनाशकाची बाटली आली. मी म्हटलं, "नहीं, नहीं, सुगंधी!" तर केवड्याचं पाणी आलं. दुकानात एव्हाना पाच-सहा गिऱ्हाइकं जमली होती आणि प्रत्येक जण मला मदत करत होता. एक म्हणाला, लालवाला होगा. दुसरा म्हणाला, छोटावाला दिखाओ. माझे कान तापून लाल झाले होते. तेवढ्यात मागून कुणीतरी अशी हसली की बरण्यांची झाकणं हलावीत.

"लालाजी, खस माँग रही हैं बेचारी! खस!" आणि मग माझ्याकडे वळून, "मराठी का हो तुम्ही?"

"हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या ळवरून. इथे ळ कुणालाच येत नाही. आमचे लालाजी तर सात जन्म नाही बोलू शकणार."

ती तू. उज्जैनची, लग्न होऊन भोपाळात आलेली, आणि निघाली नेमकी आमच्या शेजारच्या घरातली. त्या दिवसापासून तू मला माधवी म्हणून हाक मारलीस ती फार तर चार वेळा, तीही मी आजारी असताना. एरवी मी कायम "कौनसावाली". कुंपणापलीकडून आरोळी यायची, "काय गं कौनसावाली, काय करून राहिलीस?" मी कपाळाला हात लावायची. म्हणायची, ताई, "काय करून राहिलीस" हे मराठी नव्हे, "काय करते आहेस" म्हण. त्यावर तुझं उत्तर ठरलेलं. "तुझं शुद्ध मराठी लालाजींच्या दुकानात चाललं का? मग!"



पण उन्हाळा मी तुझ्याकडूनच शिकले, हे आज कबूल करते. नाशिकची सवय म्हणून मी भर दुपारी सगळ्या खिडक्या सताड उघडायची, वारा यावा म्हणून. तू एकदा वाटी परत करायला आलीस, आत पाऊल टाकलंस, माझी लहान मुलगी झोपलेली बघितलीस आणि न बोलता धाडधाड सगळ्या खिडक्या लावून टाकल्यास. "ही हवा नाही, लू येऊन राहिली आहे. मुलीला भाजायचं आहे का?" मग तू मला घराचं वेळापत्रक लावून दिलंस. पहाटेपासून आठपर्यंत सगळं उघडं. आठला खिडक्या बंद, जाड पडदे खाली, पश्चिमेच्या खिडकीला ओली चादर. उन्हं उतरली की गच्चीवर पाणी शिंपायचं, आणि ते शिंपल्याबरोबर खिडक्या उघडायच्या नाहीत, गच्चीची वाफ निघून जाऊ द्यायची, मग उघडायच्या. त्या पंधरा मिनिटांत आपण दोघी गच्चीच्या जिन्यावर बसायचो. माझ्या आयुष्यातल्या निम्म्या गप्पा त्या पंधरा मिनिटांतल्या आहेत.

कूलरचंही तेच. मी कूलर लावून दारं-खिडक्या घट्ट बंद करून बसायची आणि अंगाला चिकचिक होते म्हणून कूलरलाच शिव्या घालायची. तू समोरची खिडकी वीतभर उघडलीस. म्हणालीस, "हवा म्हणजे पाहुणा आहे. आली तशी जाऊ पण दे." पाच मिनिटांत खोली कोरडी गार झाली. विज्ञानाची पदवी माझ्याकडे होती बरं का.

तसं मीही तुला काही कमी शिकवलं नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी, मला पाणी दिसलं की त्यात काय असेल हेच आधी दिसतं. तुझ्या कूलरच्या टाकीतलं पाणी एकदा काचेच्या बाटलीत भरून तुझ्यासमोर उजेडात धरलं. आत डासांची पिल्लं वळवळत होती. तू दोन पावलं मागे सरलीस. "माझ्या घरात? माझ्या कूलरमध्ये?" तुझ्या चेहऱ्यावर असा भाव होता की जणू सोयरीक मोडली. त्यानंतर दर रविवारी सकाळी आपल्या गल्लीत कूलर धुण्याचा कार्यक्रम सुरू झाला तो आजतागायत चालू आहे. कुणी आळस केला की तू ती बाटली घेऊन त्याच्या दाराशी उभी राहायचीस. आतलं पाणी मी केव्हाच फेकून नळाचं भरलं होतं, पण हे तू कुणाला सांगितलं नाहीस.

आणि उन्हाळी! ताई, ती गोष्ट मी भावोजींसमोर अजून काढलेली नाही.

तिसरा की चौथा उन्हाळा असेल. मी सकाळी कुंपणापाशी सहज म्हणाले, "मला उन्हाळी लागलीय गं." एवढंच. पुढच्या पाच मिनिटांत मी पलंगावर आडवी, मानेखाली ओला टॉवेल, कपाळावर ओली पट्टी. तू माझ्या तळपायांना कांद्याचा रस चोळते आहेस, एका हातानं कैरीचं पन्हं तोंडात ओतते आहेस, आणि तुझे यजमान, आमचे भावोजी, रिक्षा आणायला पळालेत. मी उठायला बघते आणि तू मला दाबून झोपवतेस. "बोलू नकोस, शक्ती जाते." शेवटी मी ओरडले, "अगं बाई, लू नाही लागली, लघवीला जळजळतंय नुसतं!" आणि नेमके त्याच क्षणी भावोजी दारात येऊन म्हणाले, "रिक्षा आली."

ते आल्या पावली मागे फिरले, रिक्षावाल्याला परत पाठवलं आणि पुढचे आठ दिवस मला बघून वर्तमानपत्रात तोंड घालत होते.

तू मात्र माझ्यावरच चिडलीस. "मग असं सांगायचं ना! आमच्या उज्जैनला याला उन्हाळी नाही म्हणत."

"मग काय म्हणतात?"

"काहीच नाही म्हणत. असं कुणी बोलतं का?"

तिथेच आपलं पहिलं खरं भांडण झालं. मी म्हटलं, बोलत नाही म्हणूनच तर घोळ होतो. बायका बाहेर जायचं म्हणून पाणी पीत नाहीत, दिवसभर अडवून धरतात आणि मे महिन्यात लॅबमध्ये माझ्यापुढे बाटल्यांची रांग लागते. रोज सकाळी रंग बघावा. गव्हाच्या काडीसारखा फिकट असेल तर ठीक, गडद पिवळा झाला की समजावं, पाणी कमी पडलं. यापेक्षा सोपी तपासणी कुठल्याच लॅबमध्ये नाही. तू कानांवर हात ठेवलेस आणि म्हणालीस, "छी, काय बोलतेस!" मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

मग आलं तुझं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. वीसेक बायका, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, पन्हं. पन्ह्यावरून आपला वाद होताच. मी कैऱ्या उकडून गूळ-वेलची घालणारी, तू निखाऱ्यावर भाजून पुदिना, जिरं, काळं मीठ घालणारी. म्हणून दोन पातेली होती आणि बायकांना दोन्ही प्यायची सक्ती होती. सगळ्यांच्या हातात पेले असताना तू मधोमध उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बायांनो, ही माधवी लॅबमध्ये आहे. ही सांगते, उन्हाळ्यात रोज सकाळी रंग बघायचा."

"कसला रंग? साडीचा?" कुणीतरी विचारलं.

"सकाळी उठून बाथरूममध्ये जातेस ना? तो."

दोन बायकांना पन्ह्याचा ठसका लागला. एकीनं पेला उजेडात धरून बघितला आणि गुपचूप खाली ठेवला. मी देव्हाऱ्यामागे लपायला जागा शोधत होते. पण त्या उन्हाळ्यात आपल्या गल्लीतल्या एकाही बाईला उन्हाळी लागली नाही, आणि भाजीच्या गाडीपाशी भेटल्या की बायका एकमेकींना विचारू लागल्या, "काय मग, रंग ठीक आहे ना?" परवा बँकेत एकीनं मला हेच विचारलं. शेजारच्या माणसाला वाटलं, आम्ही भिंती रंगवून घेतोय.

हे सगळं हसण्यावारी झालं. आता त्या माठाचं बोलते, कारण तिथे माझं चुकलंय.

अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याचा कुंभ देतात. तू कुणाला घरी नेऊन द्यायची नाहीस, फाटकाशीच ठेवायचीस. एक तुझ्या आईचा, एक सासूबाईंचा. अक्षय तृतीयेपासून पाऊस लागेपर्यंत ते दोन माठ शिरीषाखाली असायचे. पहिल्या पाळीहून सायकलनं परतणारे कामगार, रिक्षावाले, डोक्यावर टोपली घेतलेली भाजीवाली, सगळे थांबायचे. तू सकाळी दहा ते बारा खुर्ची टाकून बसायचीस आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानं प्रत्येकाच्या ओंजळीत स्वतः पाणी ओतायचीस. उन्हातून आलेल्याला आधी झाडाखाली बसवायचीस, हातावर गुळाचा खडा ठेवायचीस, मग पाणी. घाईवाल्यालासुद्धा.

आणि मी? मी भांडायची. "तू बारानंतर उठून जातेस, मग ज्याच्या-त्याच्या हाती ते ओगराळं. कुणाचे हात कसे, कुणास ठाऊक. टायफॉइडचे रिपोर्ट मी रोज बघते, ताई. तोटीचा माठ ठेव."

"तोटीचं पाणी माणूस स्वतः घेतो. ओतून दिलं की ते देणं होतं."

"देणं म्हणून काय, जंतू देणार आहेस?"

"मग बारानंतर तू येऊन बस."

मी रविवारी बसायची. इतर दिवशी वाद तसाच लोंबकळत राहायचा. भाजीवाली एकदा फाटकाशी चक्कर येऊन कोसळली तेव्हाही आपण दोघी तिच्यावर तुटून पडलो होतो, आठवतं? मी तिला सावलीत घेऊन मानेला, काखेत ओले टॉवेल लावतेय, वारा घालतेय. तू कांदा फोडतेस. मी ओरडते, शुद्ध येऊ दे, तोंडात पाणी घालू नको. तू ओरडतेस, मग तळपाय तरी माझे! दवाखान्यात नेलं, बरी झाली. आठवड्यानं टोपली घेऊन हजर. ती टॉवेलानं बरी झाली की कांद्यानं, हा निकाल अजून लागायचा आहे. तिला विचारलं तर ती म्हणाली, "दोनों दीदी इतना चिल्ला रही थीं, मैं तो डर के उठ गई."

पण मी मुद्दा टाळतेय. माझे बाबा गेले त्या वर्षीचं सांगायचं होतं. ते जानेवारीत गेले. अक्षय तृतीयेला मला नाशिकला जाणं जमलं नाही आणि खरं तर मी त्या दिवसाचा विचारही केला नव्हता. कुंभ वगैरेंवर माझा विश्वास नाही, हे मी तुला दहा वेळा ऐकवलं होतं. सकाळी लॅबला निघाले तर तुझ्या फाटकाशी तीन माठ. मी स्कूटर थांबवली. "तीन कशाला? एवढे धुणार कोण?"

तू मान वर न करता माठाभोवती कापड गुंडाळत होतीस. म्हणालीस, "हा तुझ्या बाबांचा. तू तर ठेवणार नाहीस, तुझा विश्वास नाही. राहू दे. तहान लागलेल्याला त्यानं काय फरक पडतो?"

आणि मी काय बोलले, ताई? मी म्हणाले, "त्याचं ओगराळं तरी वेगळं ठेव."

एवढंच बोलून मी स्कूटरला किक मारली. आपल्या भोपाळात उन्हात निघालेली बाई डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधून घेते. स्कार्फ उन्हासाठी असतो असं लोक समजतात. त्या दिवशी लॅबपर्यंत तो आतून भिजत गेला आणि कुणाला कळलं नाही. संध्याकाळी येऊन तुला काहीतरी म्हणायचं मी ठरवलं होतं. आले तेव्हा तू गच्चीवर पाणी शिंपत होतीस, मी जिन्यावर बसले, आणि आपण कैरीच्या लोणच्याबद्दल बोललो. पुढच्या वर्षी पुन्हा तीन माठ. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी दरवर्षी तोटीवरून भांडत राहिले, कारण ते सोपं होतं.

या माघात मी स्वतःच एक तोटीचा माठ आणून तुझ्या ओट्यावर ठेवला. तू त्याच्याकडे असं बघितलंस जसं मुलगी बघायला आलेला मुलगा बुटका निघावा. म्हणालीस, "ठेव. अक्षय तृतीयेला बघून घेऊ." त्यानंतर होळीच्या चार दिवस आधी तू गेलीस. बघून घ्यायचं राहिलं.

गेल्या रविवारी मी भावोजींकडे गेले. फाटकाबाहेरच उभी होते, आत जायचा धीर होईना. घर त्यांचं, माणूस त्यांचं. कुंभ द्यायचा तो घरच्यांनी. त्यात मी कोण? ते व्हरांड्यात बसले होते, कानातलं यंत्र टेबलावर. मी म्हटलं, "भावोजी, यंदा माठ मी ठेवला तर चालेल का?"

"काय?"

"माठ! मी ठेवू का? म्हणजे मी काही घरातली नाही..."

"काय म्हणतेस?"

शेवटी मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "मी घरातली नाही!"

"मग घरात ये ना," ते म्हणाले. "उन्हात कशाला उभी आहेस?"

मी आत गेले. त्यांनी कपाट उघडून तुझी ती पाडव्याच्या खरेदीची निळी पिशवी काढली, शिवलेली, पुन्हा शिवलेली, आणि माझ्या हातात दिली. "मला ते माठ-बीठ नाही जमणार, माधवी. तू बघून घे. वाळा ती लालाजींकडून आणायची." जणू मला ते ठाऊकच नव्हतं.

इथवर परवा लिहिलं होतं. पुढचं आज, अक्षय तृतीयेच्या दुपारी लिहितेय.

काल सकाळी मी गेले. रस्ताभर घोकत होते, खस, खस, खस. शाळेत जाणाऱ्या पोराला आईनं घोकवून दुकानात पाठवावं तशी. लालाजी थकलेत गं. केस सगळे पांढरे, गल्ल्यावर मुलगा बसतो, ते मागे स्टुलावर. मी काउंटरशी पोचले, निळी पिशवी ठेवली, तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "वाळा है?"

मुलगा म्हणाला, "क्या चाहिए, आंटी?" आणि मला घाम फुटला. तेवढ्यात लालाजी स्टुलावरून उठले. पिशवीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. जवळ येऊन काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि म्हणाले,

"कौनसा वाळा?"

ताई, ळ. स्वच्छ, नाशिकच्या मास्तरांनी पाठीवर शाबासकी द्यावी असा ळ.

ते म्हणाले, "दीदी ने सिखाया. हर साल दो जुड़ी ले जाती थीं. एक अपनी, एक कौनसावाली की. पहले बुलवाती थीं, बोलो वाळा. ठीक से न बोलूँ तो लेती नहीं थीं, खड़ी रहती थीं. जीभ उलट-उलट के दस-बारह साल में आया." आणि मग दुकानाच्या छताकडे बघत हळूच म्हणाले, "इस साल कोई सुनने ही नहीं आया."

मी तिथे उभी राहून हसले आणि रडले, दोन्ही एकदम, आणि या वेळी चेहऱ्यावर स्कार्फही नव्हता. लालाजींना मी चार वेळा "वाळा" म्हणायला लावलं. त्यांनी म्हणून दाखवलं. मुलालाही म्हणायला लावलं, तो "वाडा" म्हणाला. लालाजी म्हणाले, "इसको अब आप सिखाना." तेवीस वर्षं मी रुसून घरी बसले होते आणि तू दर पाडव्याला जाऊन माझ्यासाठी एका म्हाताऱ्याची जीभ वळवत होतीस. मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. फक्त म्हणत राहिलीस, एकदा जाऊन ये ना.

वाळा धुतला, उन्हात दोन तास वाळवला, जुडी बांधून माठात सोडली. आज सकाळी शिरीषाखाली चार माठ ठेवले. तुझ्या आईचा, सासूबाईंचा, बाबांचा आणि तुझा. तुझा तोटीचा. भावोजींनी बघितलं आणि आतून तुझी खुर्ची आणून ठेवली. दहाला मी बसले. पहिली भाजीवाली आली. टोपली उतरवली, सावलीत बसली, मी गूळ दिला. तोटीकडे बोट दाखवून म्हटलं, "लो, पानी लो." ती हलली नाही. म्हणाली, "दीदी तो हाथ से पिलाती थीं."

तेव्हा मी काय केलं ते नीट ऐक, नाहीतर तू जिंकलीस असं सगळ्यांना सांगत सुटशील. मी उठले, साबणानं हात धुतले, तोटीतून तांब्यात पाणी घेतलं आणि तांब्यातून तिच्या ओंजळीत ओतलं. माठात कुणाचा हात गेला नाही, आणि पाणीही दिलं गेलं. इतकं सोपं होतं. आपल्याला तेवीस वर्षांत सुचलं नाही, कारण आपल्याला भांडायचंच होतं. दुसऱ्या ओंजळीला मी बाबांच्या माठाला हात लावला आणि जे त्या दिवशी स्कूटरवर बसून म्हणायचं होतं ते मोठ्यानं म्हणाले. भाजीवालीनं विचारलं, "क्या बोलीं?" म्हटलं, कुछ नहीं, किसी को धन्यवाद देना रह गया था.

पाण्याला वाळ्याचा वास मस्त उतरलाय. उद्याही दहा ते बारा मी तिथेच असेन, लॅबला दुपारची पाळी मागून घेतलीय. तोटी पटत नसेल तर ये भांडायला. कौनसावाली फाटकाशीच बसून राहिली आहे.